पाहायचे काय, खायचे कुठे : बुलढाणा जिल्ह्याचा आढावा

एखाद्या शहरात जायचे, तिथले एखाद्याच विषयाला वाहिलेले छोटे संग्रहालय निवांत पाहायचे आणि दुपारी गाडीवर किंवा टपरीवर पोट भरून परतायचे, ही सहलीची रीत आता मराठी घरांत चांगली रुळली आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी असा रोजच्या वापरातला ऐवज आयुष्यभर गोळा केला आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालयाची इमारत उभी केली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाच्या ध्यासामुळे सातवाहनकाळातल्या नगरीच्या खुणा वाचल्या. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून पिढ्यानपिढ्या मुले पाहत आली आहेत. या प्रत्येक ठिकाणी पाहणे आणि खाणे हातात हात घालून चालते.

बुलढाणा जिल्ह्याला हीच कसोटी लावली तर चित्र चमत्कारिक दिसते. खाण्याची बाजू भक्कम आहे. पाहण्यासारख्या वस्तूंचीही कमतरता नाही. कमतरता आहे ती त्या वस्तू एका छताखाली, नीट पाटी लावून, समजेल अशा रीतीने मांडण्याची. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याचा वारसा देवळांत, पडक्या वाड्यांत, बाजारपेठेच्या जुन्या इमारतींत, उत्खननाच्या खड्ड्यांत आणि काही अंशी परदेशातल्या प्रयोगशाळांत विखुरलेला आहे. येणारा माणूस शेगावला उतरतो, दर्शन घेतो, कचोरी खातो आणि संध्याकाळची गाडी पकडतो. बाकीचा जिल्हा त्याच्या नजरेस पडत नाही. यात त्याचा दोष मानता येत नाही, कारण पुढे काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

जिल्ह्याचे दोन भाग आहेत आणि इथला माणूस ते बोलण्यातही पाळतो: घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, कापूस, आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरची मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेचा माथा, बुलढाणा शहर, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खाणे बदलते तेही या घाटाच्या रेषेवर. म्हणून हा आढावा खालून वर जातो.

घाटाखाली

शेगावच्या कचोरीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण जिल्ह्यातला सर्वांत नीट जपलेला वारसा तीच आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५०च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. मैद्याची पातळ पारी, आत मुगाच्या डाळीचे कोरडे, तिखट, बडीशेप-धन्याचा वास असलेले सारण आणि सोबत मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. हा पदार्थ स्टेशनावर वाढला, आणि त्याच्या रचनेत ते दिसते. गाडी थांबणार दोन-तीन मिनिटे, म्हणजे पदार्थ कागदात गुंडाळून खिडकीतून देता आला पाहिजे. प्रवास लांबचा, म्हणजे सारण ओले नको, लवकर खराब होणारे नको. ताट नको, वाटी नको, हात बरबटायला नकोत. या सगळ्या अटी पुरवणारा पदार्थ टिकला आणि पुढे पुण्या-मुंबईपर्यंत गावाच्याच नावाने विकला जाऊ लागला. दर्शनाला आलेली कुटुंबे घरी परतताना खोकी भरून नेतात आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करून खातात, तेही या कोरड्या सारणाच्या जिवावर.

गाडीवरची गरम कचोरी आणि खोक्यातली गार कचोरी यांत मात्र फरक आहे. कढईतून काढल्यावर पाच-दहा मिनिटांत खाल्ली तर पारीचा पापुद्रा कुरकुरतो आणि मिरचीचा तिखटपणा सारणाच्या तिखटाशी भांडत नाही. तेव्हा घरी न्यायची ती न्यावी, पण एक तरी तिथे उभ्याने खावी. दोन कचोऱ्या आणि चहा एवढ्यात एका माणसाचा सकाळचा नाश्ता भागतो. ज्याला तेवढाही खर्च करायचा नसेल त्याच्यासाठी गजानन महाराज संस्थानचा महाप्रसाद आहे. तिथली स्वच्छता, रांगेची शिस्त आणि सेवेकऱ्यांचे वागणे या गोष्टी स्वतंत्रपणे पाहण्यासारख्या आहेत. महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. एवढ्या अलीकडच्या काळातल्या संतांभोवती गाव कसे वाढले, रेल्वेने त्या वाढीला कसा हातभार लावला, हा विषय एखाद्या संग्रहालयाच्या दालनाला पुरून उरेल.

शेगावहून खामगाव हाकेच्या अंतरावर आहे, तरी शेगावला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण खामगावच्या कापसाचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी इथल्या बाजाराची नवी घडी बसवली, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले, ते जलंब-खामगाव लोहमार्गाच्या उद्घाटनाला. जेमतेम तेरा किलोमीटरचा हा फाटा निव्वळ कापसाच्या गाठींसाठी टाकलेला होता. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी एका तालुक्याच्या बाजारपेठेसाठी एवढा प्रवास करतो, यावरून त्या वेळी खामगावच्या कापसाचे वजन किती होते ते कळावे. आज जगाच्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांच्या पुस्तकांत खामगावचे नाव सन्मानाने येते. खुद्द खामगावात मात्र शाळेतल्या मुलाला हा इतिहास हाताने स्पर्श करून दाखवता येईल अशी मांडणी हवी आहे. तोलकाटे, गाठी बांधण्याचे जुने दाबयंत्र, सरकीचे नमुने, दलालांच्या वह्या, बाजारभावाच्या तारा, जिनिंगच्या मजुरांची छायाचित्रे: या वस्तू अजून जुन्या पेढ्यांमधून आणि घरांमधून निघू शकतात. आणखी वीस वर्षांनी निघणार नाहीत.

खामगावची दुसरी ओळख चांदीची. रजतनगरी म्हणून हे गाव विदर्भभर ओळखले जाते, आणि चांदीच्या शुद्धतेबद्दल इथल्या पेढ्यांवर लोकांचा विश्वास पिढ्यांचा आहे. सराफ्यातून हिंडताना देवांच्या मूर्ती, पूजेची उपकरणी, जोडवी आणि तोरड्या नुसत्या पाहत गेले तरी तासभर सहज जातो. कारागीर कामात असला तर लांबूनच पाहावे. मोकळा असला तर तो स्वतःहून बोलतो.

घाटाखालच्या खाण्यात खानदेशाची छाया आहे. मलकापूर, मोताळ्याकडे भाजलेल्या वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी हे पदार्थ घरचेच मानले जातात. रस्त्यावर मात्र कचोरी, समोसा, आलूबोंडा आणि संध्याकाळी भत्ता. पुण्या-मुंबईच्या माणसाने भत्त्याला भेळ समजून चिंचेची चटणी मागू नये. मुरमुरे, शेव, कांदा, मिरची आणि तेलाचा हात, एवढ्यावर तो उभा असतो आणि तसाच चांगला लागतो.

घाटावर

घाट चढून बुलढाण्याला आले की हवा बदलते. शहर छोटे, थंड, झाडांचे. संग्रह पाहण्याच्या दृष्टीने इथे थांबण्यासारखे फार नाही. चिखलीमार्गे मेहकर गाठावे.

मेहकरचा शारंगधर बालाजी वस्तू कुठे आणि कशी मांडायची या प्रश्नाच्या मुळाशी नेतो. १८८८ साली जमीन खोदताना काळ्या पाषाणाची ही विष्णुमूर्ती सापडली. सुमारे अकरा फूट उंच, आणि अंगावरच्या अलंकारांचे काम इतके बारीक की दागिन्यांचा इतिहास शिकणाऱ्याला दिवस पुरणार नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचा ती लंडनला नेण्याचा बेत होता आणि तो कळताच गावकऱ्यांनी घाईने मूर्तीची प्रतिष्ठापना करून टाकली, असे मेहकरात आजही सांगतात. ही हकीकत गावाने इतकी वर्षे अभिमानाने जपली, यातच तिचे मोल आहे. मूर्ती संग्रहालयात गेली असती तर तिच्याशेजारी शैली, काळ, दगड यांची माहिती देणारी पाटी लागली असती, आणि पुजारी, अभिषेक, उत्सव तुटले असते. देवळात राहिल्याने ती जिवंत राहिली. पण म्हणून माहितीवर पाणी सोडायचे कारण नाही. देवळाच्या आवारातच एका खोलीत छायाचित्रे, रेखाटने आणि सोप्या मराठीतले चार फलक लावले तर भक्ताच्या भक्तीला बाध येत नाही आणि पाहणाऱ्याचे डोळे उघडतात. बुलढाण्यासाठी संग्रहालयाची योग्य कल्पना माझ्या मते हीच आहे: वस्तू आहे तिथेच राहावी, आणि समज तिच्याजवळ यावी.

सिंदखेडराजाला हा विचार आणखी तातडीचा होतो. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस, आणि दरवर्षी त्या दिवशी इथे महाराष्ट्रातून माणसांचा लोट येतो. त्यांचे वडील लखुजीराजे जाधव यांचा वाडा, त्याचे भव्य महाद्वार, रंगमहाल, काळा कोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळाबारव, निळकंठेश्वराचे देऊळ: एका तालुक्याच्या गावात इतक्या जुन्या वास्तू सलग पाहायला मिळण्याचे भाग्य फार थोड्या ठिकाणांना आहे. मोती तलावाची दगडी भिंत आणि पाणी सोडण्याची रचना तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन पाहावी. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहाच्या दरबारी लखुजीराजे मुलांसह मारले गेले. त्यांची गावातली समाधी विटांची, उंच आणि विस्तीर्ण आहे.

याच समाधीजवळ जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला संवर्धनाचे काम करताना आधी एका शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. क्लोराइट शिस्ट या मऊ दगडातली ही मूर्ती सुमारे १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा देखावा. त्यातला घोडा आणि ऐरावतसुद्धा ओळखू येतात. जाधवरावांच्या काळाच्या कितीतरी आधी या गावाला संपन्न भूतकाळ होता, याचा हा पुरावा. मेहकरच्या मूर्तीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच परिसराच्या मातीतून तसाच प्रश्न पुन्हा वर आला आहे. सुरक्षा आणि तापमान-आर्द्रतेची काळजी घेणारी इमारत बांधून अशी मूर्ती सिंदखेडराजातच ठेवावी. जिजाऊंना वंदन करायला येणाऱ्या लाखो माणसांपुढे ती असण्याला जो अर्थ आहे तो दूरच्या शहरातल्या दालनात नाही.

जवळच साखरखेर्डा आहे. १७२४ साली निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला तो इथे, आणि त्या लढाईने हैदराबादच्या निजामशाहीचा रस्ता मोकळा केला. दोन शतकांहून अधिक काळ दख्खनचे राजकारण ज्या घटनेने ठरवले ती घटना या गावाच्या शिवारात घडली, हे शेजारच्या तालुक्यातल्या मुलांनाही सांगावे लागते.

लोणार

लोणारविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संग्रहालयाची सर्वांत मोठी गरज आणि सर्वांत मोठी शक्यता दोन्ही तिथे आहेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून जवळजवळ १५० मीटर खोल असे हे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झाले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण त्याच्या कितीतरी आधी ऐन-इ-अकबरीत या परिसराचा उल्लेख आहे. दीर्घकाळ अभ्यासक हे ज्वालामुखीचे मुख मानत होते. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि आघाताचा पुरावा, म्हणजे प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले खनिज, जगापुढे मांडला गेला. या संशोधनात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञही होते. विवराच्या वयाचा वाद मात्र अजून रंगतदार आहे: एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या नंतरच्या मोजणीने ५ लाख ७० हजार वर्षे. चंद्राचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारची माती प्रिय आहे. मुंबईच्या आयआयटीच्या अभ्यासकांनी २०१९ साली इथली खनिजे चंद्रावरच्या खडकांशी जुळतात असे दाखवले.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी झाली. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संस्थेने केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. त्याआधी, १९७९ साली ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक झालेले होते. एवढ्या पदव्या असलेल्या जागी येणारा सामान्य माणूस काठावरून खाली पाहतो, छायाचित्र काढतो आणि 'छान आहे' म्हणून परततो. खडकाचा तुकडा हातात घेऊन हा साधा बेसाल्ट आणि हा उल्केच्या धक्क्याने बदललेला, एवढे त्याला कुणी दाखवले तर ती सहल तो आयुष्यभर विसरणार नाही.

लोणारच्या संग्रहालयात एक दालन खाराचे असावे, आणि इथे पाहणे व खाणे यांची गाठ आपोआप पडते. तळ्याच्या काठावर साचणारा सोड्याचा खार पूर्वी गोळा करून विकला जाई. त्याच्या प्रती होत्या आणि प्रत्येकीला नाव होते: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. साबण, काच, रंगकाम आणि पापड यांसाठी तो जाई. आपल्या आज्यांच्या उडदाच्या पापडांत जो पापडखार पडे, त्याच्या व्यापाराच्या वाटेवर हे तळे होते. या पाच नावांसमोर पाच बरण्या आणि शेजारी पोळपाट-लाटणे, एवढ्या मांडणीतून रसायनशास्त्र, व्यापार आणि स्वयंपाकघर हे तिन्ही एकत्र दिसेल.

गावातले दैत्यसूदनाचे देऊळ पाहिल्याशिवाय लोणार पुरे होत नाही. तारकाकृती तळपट्टा, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे आणि छतावर कोरलेल्या कथा, त्यांत लवणासुराच्या वधाची कथा. लवण म्हणजे मीठ, आणि तळे खारे. स्थळपुराणाने भूगोल किती नेमका पकडला आहे! छत पाहण्यासाठी छोटी विजेरी सोबत ठेवावी.

घाटावरचे खाणे मराठवाड्याकडे झुकते. ज्वारीची भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा हे रस्त्याच्या कडेला मिळणारे जेवण आहे आणि उन्हात हिंडून आल्यावर याहून चांगले काही लागत नाही. आठवडी बाजार ज्या गावी असेल तो दिवस साधता आला तर उत्तम. मोठ्या कढईतली मिरचीची आणि कांद्याची भजी, वर्तमानपत्राच्या कागदावर गोडीशेव, रेवड्या, फुटाणे, आणि शेजारी उकळणारा चहा. हिवाळ्यात शेतात हुरडा. देवस्थानच्या यात्रेत किंवा भंडाऱ्यात रोडगे आणि वांग्याची भाजी पानात आली तर नाही म्हणू नये. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्याचा वास कोणत्याही हॉटेलात येत नाही. एक सूचना खाण्याच्या उत्साहात विसरली जाते: तळण ज्या गाडीवर सतत चालू आहे आणि गिऱ्हाइकांत गावचीच माणसे जास्त आहेत, तिथे खावे, आणि पाण्याची बाटली स्वतःची ठेवावी.

खर्च आणि वाट

स्वस्त प्रवासासाठी एसटी हाच राजमार्ग. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, आणि चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास या जिल्ह्यासाठीच काढल्यासारखा उपयोगी पडतो. शेगावला रेल्वेने उतरावे, खामगाव करून घाट चढावा, बुलढाणा-चिखली-मेहकर-लोणार असे जाऊन सुलतानपूर, बिबी, दुसरबीडमार्गे सिंदखेडराजा गाठावे आणि जालन्याला पुन्हा रेल्वे धरावी. तीन दिवस पुरतात, चार असतील तर लोणारला एक पहाट मिळते. स्वतःची गाडी असणाऱ्यांना समृद्धी महामार्ग आहे. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून मेहकर आणि सिंदखेडराजा दोन्ही जवळ आले. पण महामार्गावरून जाणारा माणूस ताशी शंभरच्या वेगाने हा सगळा वारसा मागे टाकतो, आणि त्याला खाली उतरवायला एखादे चांगले संग्रहालय आणि त्याच्या दारातले भाकरी-ठेच्याचे केंद्र हवे आहे. महिला बचत गटांना हे काम दिले तर खाण्याची चवही घरची राहील आणि पैसाही गावात राहील.

थोडक्यात, पाहणाऱ्याने आज यावे, संग्रहालयांची वाट पाहत बसू नये. देवळे, वाडे, तळी, बाजार आताही उघडे आहेत. आणि या जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती आहे: तुमच्या माळ्यावर जुना तराजू, कापसाच्या दलालीची वही, मोडी कागद, खाराची बरणी, पितळी भांडे असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे छायाचित्र काढा, घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्याविषयी विचारून चार ओळी लिहून ठेवा, आणि गावच्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या एका कपाटात ते ठेवायला द्या.